मंत्रिमंडळ आहे, पण विधानसभा कुठाय?

बालमित्रांनो, शाळा सुरू झाल्या की तुमच्याकडे शालेय मंत्रिमंडळ निवडतात ना? मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री, सहलमंत्री. (सहलमंत्रिपदासाठी केवढी भांडणं!) शपथविधी होतो, टाळ्या पडतात. पण मला सांगा, आरोग्यमंत्र्याने महिनाभर पाण्याची टाकी धुवूनच घेतली नाही, तर त्याला विचारायचं कुणी? फार तर बाई ओरडतात. म्हणजे कारभार करणारे आहेत, पण त्यांना जाब विचारणारी सभाच नाही. मंत्रिमंडळ आहे आणि विधानसभा गायब!

म्हणून आमच्या सातवीने लुटुपुटीची ग्रामपंचायत काढली. बाकांच्या तीन रांगा म्हणजे तीन वॉर्ड, सदस्य सात. आमच्याकडे बारामती आणि इंदापूर अशा दोन्ही तालुक्यांच्या शिवेवरच्या वाड्यावस्त्यांवरून मुले येतात. पंचायतीची निवडणूक त्यांनी अगदी दारात पाहिलेली. त्यामुळे पहिल्याच दिवशी वाद पेटला. सरपंच निवडायचा कुणी? सगळ्या वर्गाने, की सात सदस्यांनी?

हा वाद पोरखेळ नव्हे बरं का. महाराष्ट्रात पूर्वी सदस्य आपल्यातूनच सरपंच निवडत. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि गावाने थेट सरपंच निवडायचा, असे ठरले. २०२० मध्ये ते रद्द झाले आणि २०२२ मध्ये पुन्हा आले. २०१९ आणि २०२२ मध्ये मुंबईत सरकार पालटले, तसा नियमही पालटला. राज्याला हे करता येते, कारण १९९३ पासून लागू झालेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने सरपंच कसा निवडायचा हे राज्याच्या कायद्यावर सोडले आहे. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांचे मात्र तसे नाही. त्यांना निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातूनच निवडायचे, असे खुद्द राज्यघटनेत लिहिले आहे. ते बदलायचे तर दिल्लीत घटनादुरुस्तीच करावी लागेल.

आता वर्गातली खडाजंगी ऐका. एकजण म्हणाला, "थेटच पाहिजे. नाहीतर सदस्यांना गाडीत घालून सहलीला नेतात आन् मतदानालाच परत आणतात!" सगळे हसले, पण कुणी नाही म्हणाले नाही. त्यावर वस्तीवरून येणारी एक मुलगी उठली. "थेट निवडणुकीत गावठाणाची मतं जास्त. मग सरपंच कायम गावठाणाचाच होणार. आमच्या वस्तीचा माणूस सदस्य होईल, पण सरपंच कधी होणार?" मला हा मुद्दा फार मोलाचा वाटला. पाणी, दिवे, रस्ता, सगळे गावठाणात आधी येते हे ती रोज बघते.

तिसऱ्याने आणखी गाठ मारली. सरपंच एका पॅनेलचा आणि बहुसंख्य सदस्य दुसऱ्या पॅनेलचे निवडून आले तर? सरपंच ठराव मांडणार, सदस्य पाडणार. गटार तसेच तुंबलेले! बरे, त्याला काढावे म्हटले तर तेही सोपे नाही. थेट सरपंचाच्या कायद्यात अविश्वास ठरावाला तीन चतुर्थांश सदस्य लागतात, वर ग्रामसभेत गुप्त मतदानाने शिक्कामोर्तब. शिवाय पहिली दोन वर्षे ठराव आणताच येत नाही. आमच्या सातांत तीन चतुर्थांश म्हणजे किती? गणित कच्चे असलेल्यांनीही चटकन सांगितले, सहा!

नेमका हाच पेच आपल्या घटना समितीपुढे होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो उलगडून सांगितला. अमेरिकेत अध्यक्ष ठरलेली मुदत पुरी करतो, कायदेमंडळाच्या मर्जीवर त्याचे पद अवलंबून नसते. म्हणून कारभार स्थिर राहतो. आपल्याकडे मंत्रिमंडळाला सभागृहाचा विश्वास रोज टिकवावा लागतो. प्रश्न विचारतात, अविश्वास ठराव येतो. दोन्ही गुण सारखेच पुरेपूर मिळणे कठीण, म्हणून मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला झुकते माप दिले, असे ते म्हणाले. मुलांना मी हे सांगितले तेव्हा वर्ग चक्क शांत झाला. आपण भांडतोय तेच तिथे मोठी माणसे बोलत होती की!

शेवटी मतदान झाले. वर्गाने थेट सरपंच मान्य केला, पण वस्तीवरच्या मुलीची अट घालून : उपसरपंच गावठाणाबाहेरचाच. दर शनिवारी अर्धा तास प्रश्नांचा. काढायला सातांपैकी पाच आणि मग वर्गाची चिठ्ठी. नियम बदलला, तरी लागू होणार पुढच्या निवडणुकीपासून. "नाहीतर तो रडीचा डाव," असे सूचकाने कारणही नोंदवून घेतले. हे सगळे उमेदवार ठरायच्या आधी लिहिले, हे बरे झाले. एकदा दोस्त उभा राहिला की नियमाकडे कोण बघतो?

एक कलम मात्र अजून अडलेय. सरपंचाचा निर्णय शिक्षकांना फिरवता येईल का? यावर येत्या शनिवारी चर्चा आहे. मला तिथे बोलता येईल, पण मत देता येणार नाही, एवढे त्यांनी आधीच एकमताने मंजूर करून टाकले आहे.