रुंदी मोजली, भार कोण मोजणार?

सकाळी साडेआठला पातलीपाड्याच्या नाक्यावर पाच मिनिटे उभे राहिले, की ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याचे दुखणे कळते. अवजड वाहनांच्या वेळेच्या निर्बंधातून सुटलेला कंटेनरचा ट्रेलर, त्याला खेटून शाळेची बस, बसपुढे तोंड खुपसणारी शेअर रिक्षा आणि कॉम्प्लेक्सच्या गेटमधून थेट याच रांगेत शिरू पाहणारी मोटार. पार्सल पोचवणारा पोरगा दुचाकीवरून उलट्या दिशेने येतो, कारण पुढचे वळण गाठून परत यायचे तर त्याची डिलिव्हरीची वेळ टळते. यातला प्रत्येक जण आपापल्या कामाला निघालेला आहे. ट्रेलरला अहमदाबाद महामार्ग गाठायचा आहे, बसला शाळा, रिक्षाला ठाणे स्टेशन. त्या सगळ्यांना वाट मात्र एकच दिलेली आहे.

कापूरबावडीहून निघून गायमुखचा घाट ओलांडून फाउंटन हॉटेलजवळ अहमदाबाद महामार्गाला मिळणारा हा जेमतेम वीस किलोमीटरचा रस्ता. न्हावाशेवा बंदर आणि भिवंडीची गोदामे यांतून गुजरातकडे जाणाऱ्या मालाला तो सोयीचा, म्हणून ट्रक इथून जातात. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि खारफुटी. मधली पट्टी चिंचोळी. १९८२ मध्ये ठाणे महापालिका झाली तेव्हा या पट्टीत भातशेती होती, कारखाने होते आणि मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा अशी गावे होती. कारखाने उठले, त्यांच्या आवारांत मनोरे उभे राहिले. गावांची नावे आता बसथांब्यांवर उरली. मनोऱ्यांची नावे युरोपातली आहेत. २००१ च्या जनगणनेत सुमारे साडेबारा लाखांचे असलेले ठाणे २०११ मध्ये १८ लाखांच्या पुढे गेले. या वाढीचा मोठा वाटा घोडबंदरने पोटात घेतला.

शहर वाढणारच, त्याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. मुंबईत घर परवडत नाही तो इथे आला, त्यात त्याचा दोष काय? आमचा आक्षेप आहे तो वाढीला परवानगी देताना वापरलेल्या मोजपट्टीला. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता जवळपास सगळ्या राज्याला लागू असलेल्या एकत्रित विकास नियमावलीत चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय) रस्त्याच्या रुंदीला बांधलेला आहे. ठाण्यासारख्या शहरात नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या भूखंडाला १.१ एफएसआय, तर तीस मीटर आणि त्याहून रुंद रस्त्यावर जादा शुल्क भरून मिळणारे (प्रीमियम) व हस्तांतरणीय विकास हक्कांचे (टीडीआर) क्षेत्र धरून तो तीनपर्यंत जातो. पूरक क्षेत्राची भर वेगळीच. वरकरणी हे तर्काला धरून दिसते: रुंद रस्त्याला जास्त माणसे झेपतील. पण नियम पाहतो तो भूखंडासमोरचा रस्ता. तो पुढे कोणत्या नाक्यावर जाऊन अडतो, त्या नाक्यावर आधीच किती वाहने उभी आहेत, शेजारच्या दहा भूखंडांना कालच किती मजले मंजूर झाले, हे एफएसआयच्या त्या तक्त्यात येत नाही. कॉम्प्लेक्समागून तीस मीटरचा रस्ता जातो, त्याच्या बळावर मनोरा चढतो आणि तो रस्ता अखेर घोडबंदरलाच येऊन मिळतो. दहा नळ उघडायचे आणि मोरीचे भोक तेवढेच ठेवायचे, असा हा कारभार.

पाण्याच्या बाबतीत हे एकदा उघडे पडले होते. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणीटंचाईचा मुद्दा धरून घोडबंदर पट्ट्यातल्या नव्या बांधकामांना काही काळ लगाम घातला. पाणी नाही तर परवानगी नाही, हे सरळ गणित न्यायालयाला मांडावे लागले. टाकी रिकामी असली की दिसते. रस्त्याची क्षमता संपली, तर लोक फक्त घरून अर्धा तास आधी निघतात.

या कोंडीवर काढलेला तोडगा तर रोगापेक्षा भारी. कापूरबावडी ते गायमुख या सुमारे दहा किलोमीटरच्या टप्प्यात सेवा रस्ते मुख्य रस्त्यात विलीन करायचे ठरले. नकाशावर मार्गिका वाढल्या. पण कॉम्प्लेक्सचे गेट आणि महामार्ग यांच्यात आडोसा होता तो सेवा रस्त्याचाच. तिथे रिक्षा थांबत, आजीआजोबा नातवंडाला बसपर्यंत सोडत, भाजीची गाडी लागे. तो काढला, की ट्रेलर गेटला येऊन टेकतो. रहिवाशांनी विरोध केला तो याच भीतीने, आणि ती भीती रास्त आहे. या रस्त्यावर खोळंबा होतो तो गेटे, छेद आणि वळणांमुळे. दोन मार्गिका वाढवून ती संपत नाहीत.

मेट्रो ४ वडाळ्याहून कासारवडवलीला आणि पुढे ४ अ गायमुखपर्यंत. ठाणे-बोरिवली जुळा बोगदा आहे, बाळकुम-गायमुख खाडीकिनारी मार्ग आहे. प्रकल्पांची वानवा नाही. मेट्रोचे आम्ही स्वागतच करतो. पण स्थानक आणि घर यांच्यामधले शेवटचे अर्धे किलोमीटर कुंपणे आणि खासगी अंतर्गत रस्ते यांनी अडलेले असेल, तर मेट्रोने जायलाही रिक्षा करावी लागेल आणि ती रिक्षा याच नाक्यावर येईल.

यावरचे साधन काही नवे नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून ते आपल्याकडे आहे: नगररचना योजना. अनेक मालकांच्या जमिनी एकत्र धरायच्या, त्यातून रस्ते, मैदाने, शाळा काढायच्या आणि उरलेली जमीन नीट आखून ज्याची त्याला परत द्यायची. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले इथल्या मिळकतींच्या कागदांवर अजूनही टीपीएस (टाउन प्लॅनिंग स्कीम) ही अक्षरे दिसतात आणि तिथे एक गल्ली बंद झाली तर दुसरी सापडते. घोडबंदरवर भूखंड येईल तशी मंजुरी देत गेल्याने गल्ल्या बांधल्याच गेल्या नाहीत. घाटात दुरुस्ती निघाली की सारे ठाणे अडकते, ते त्यामुळेच.

नगररचना कायद्यानुसार विकास आराखडा वीस वर्षांतून एकदा तरी सुधारायला हवा. ठाण्याचा १९९९ मध्ये मंजूर झाला आणि नव्याचे प्रारूप आले २०२४ मध्ये. त्यात रस्त्यांच्या रेषा गावठाणांवरून गेल्या, म्हणून ग्रामस्थ संतापले. मोकळ्या जमिनीवर मनोरे होत होते तेव्हा समांतर रस्त्याची जागा राखली असती, तर ही रेषा जुन्या घरांच्या ओसरीवरून ओढावी लागली नसती. अजूनही काही मोठी आवारे बांधायची आहेत. त्यांच्या परवानग्यांना दोन अटी घालता येतील: सलग जोडरस्ता सार्वजनिक राहील आणि मुख्य रस्त्यावर नवे गेट उघडणार नाही. प्रीमियमचा पैसा त्याच पट्ट्यातल्या जोडरस्त्यांवर खर्च व्हावा. ट्रकांची सोय मात्र ठाण्याच्या हातची नाही. ती विरार-अलिबाग मार्गिकेसारख्या, वर्षानुवर्षे कागदावर रेंगाळलेल्या कामांवर अवलंबून आहे आणि त्याची विचारणा मंत्रालयातच व्हायला हवी.

आराखड्यावर अंतिम मोहोर उमटण्याआधी महापालिकेने एक काम करावे. कापूरबावडी ते गायमुख प्रत्येक नाक्यावर आज किती वाहने येतात आणि मंजूर झालेली पण अजून न बांधलेली सगळी घरे उभी राहिल्यावर किती येतील, या दोन आकड्यांचा फलक त्याच नाक्यावर लावावा. परवानग्यांच्या फायली नगररचना विभागातच आहेत. बेरीज करायची आहे.