नातवाच्या वाट्याचा मासा

मुलगा शिकला एक आणि करतोय भलतेच, ही तक्रार आपल्याकडे घरोघर ऐकू येते. अशा पालकांना मला रशीद सुमैला या कृष्णवर्णीय अर्थशास्त्रज्ञाची वाटचाल सांगावीशी वाटते. नायजेरियात जन्मलेल्या सुमैलांनी तिथल्या अहमदू बेलो विद्यापीठात क्वांटिटी सर्व्हेइंगची, म्हणजे बांधकामाची मोजमापे आणि खर्च काढण्याच्या शास्त्राची, पदवी घेतली. पुढे नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठात ते अर्थशास्त्राचे डॉक्टर झाले आणि कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मासेमारीच्या अर्थकारणात रमले. विटा-सिमेंटचा हिशेब शिकलेला हा माणूस समुद्राचा जमाखर्च मांडू लागला.

हा जमाखर्च समजून घेण्याजोगा आहे. उद्याच्या रुपयाला अर्थशास्त्र आजच्या रुपयाचे मोल देत नाही. दरसाल दहा टक्के दर धरला, तर तीस वर्षांनी मिळणाऱ्या शंभर रुपयांची आजची किंमत जेमतेम सहा रुपये भरते. हाच न्याय माशांना लावला, की आजच सारे पकडून विकणे शहाणपणाचे ठरते! सुमैला आणि त्यांचे सहकारी कार्ल वॉल्टर्स यांनी २००५ साली वेगळी रीत सुचवली. पुढची पिढी जेव्हा येईल, तेव्हापासून तिचा हिशेब नव्याने सुरू करायचा. मग नातवाच्या वाट्याचा मासा कवडीमोल ठरत नाही.

हे निव्वळ पुस्तकी नाही. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड मासा इतका उपसला गेला, की १९९२ साली कॅनडा सरकारला त्याची मासेमारी थांबवावी लागली आणि सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला.

तरीही सरकारे या उपशाला पैसा पुरवतातच. सुमैला आणि सहकाऱ्यांच्या अंदाजानुसार २०१८ साली जगभरात मासेमारीला सुमारे ३५ अब्ज डॉलरची सरकारी मदत मिळाली. त्यातले २२ अब्ज इंधनासारख्या, उपसा वाढवणाऱ्या गोष्टींवर गेले. एकूण मदतीचा चार-पंचमांशाहून अधिक वाटा बड्या मासेमारीच्या पदरात पडतो, छोट्या होडीवाल्याच्या नव्हे. अशा मदतीला काहीसा लगाम घालणारा जागतिक व्यापार संघटनेचा करार २०२२ साली झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अमलात आला. मात्र उपसा वाढवणाऱ्या मदतीवर सरसकट बंदी त्यात नाही.

सुमैलांना २०२३ साली डॅनियल पॉली यांच्यासोबत टायलर पारितोषिक मिळाले. त्यांचा विचार आपल्या किनाऱ्याला परका नाही. १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवणारा कोळी आजची कमाई उद्यासाठीच सोडतो. तो एवढा संयम पाळत असेल, तर सरकारी मदत उपसा वाढवणाऱ्या बड्या जहाजांकडे न जाता त्याच्या घरापर्यंत पोहोचायला हवी. आणि मुलांच्या बदलत्या वाटांबद्दल म्हणाल, तर पदवीचा विषय सुटला म्हणून शिक्षण वाया जात नाही. मोजायला शिकलेला माणूस कुठेही मोजू शकतो. काय मोजायचे ते मात्र त्याला नीट ठरवता आले पाहिजे.