चौकशी की पाळत?

१४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला. पंजाबातल्या एका जोडप्याचा घटस्फोटाचा दावा होता. नवऱ्यानं बायकोचं फोनवरचं बोलणं तिच्या नकळत टेप करून ठेवलेलं, आणि तेच त्याला पुरावा म्हणून पुढं करायचं होतं. कुटुंब न्यायालयानं परवानगी दिली. २०२१ मध्ये उच्च न्यायालयानं ती रद्द केली. असं चोरून टेप करणं म्हणजे बायकोच्या खासगीपणावर घाला आहे, असं म्हटलं. सर्वोच्च न्यायालयानं हा निर्णय फिरवला. नवरा-बायकोमधल्या दाव्यात असं बोलणं पुरावा म्हणून आणता येईल, असं सांगितलं. यामुळे घराघरांत हेरगिरी वाढेल, या आक्षेपावर न्यायालयाचं म्हणणं होतं की, नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवायला लागले, म्हणजे त्यांच्यातला विश्वास आधीच संपलेला असतो.

बातमी आली आणि गेली. पण मैत्रिणींनो, ही पाळत ठेवतं कोण? फोन टेप करण्याइतपत काम घरातल्या घरात होतं. पुढचं काम पैसे देऊन करून घेतलं जातं. 'लग्नाआधीची व लग्नानंतरची चौकशी, संपूर्ण गुप्तता, फोटोसह पुरावे' अशा छोट्या जाहिराती आपण वर्षानुवर्षं पाहतोय. आता त्या मोबाइलवर दिसतात, इतकंच. तेव्हा हा खासगी गुप्तहेराचा धंदा असतो तरी कसा, आणि त्यात आपण बायका नेमक्या कुठं असतो, हे एकदा नीट बघायला हवं.

गुप्तहेर म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, नाहीतर दूरदर्शनवरचा गाजर खाणारा करमचंद. प्रत्यक्षात खासगी गुप्तहेराला कुणाला अटक करता येत नाही, कुणाच्या घराची झडती घेता येत नाही, की कुणाला उत्तर द्यायला भाग पाडता येत नाही. गुन्ह्याचा तपास हे पोलिसांचं काम. कायद्याच्या नजरेत गुप्तहेर तुमच्या-आमच्यासारखाच एक नागरिक. रस्त्यावर उभं राहून आपल्याला जे दिसेल, तेच त्याला दिसणार. फरक इतकाच, की तो दहा तास उभा राहतो आणि आपल्याला स्वयंपाक असतो!

आणि खरंच, या कामातला मोठा भाग म्हणजे नुसतं थांबणं. ज्याच्यावर नजर ठेवायची, त्याचं घर किंवा ऑफिस दिसेल अशी जागा धरायची. चहाची टपरी, बसस्टॉप, पार्किंगमधली गाडी. शहरात मोटारीपेक्षा मोटरसायकल बरी, कारण सिग्नलला माणूस सुटत नाही. एकट्यानं दिवसभर मागं राहिलं तर ओळखलं जाण्याची भीती, म्हणून माणसं बदलत राहायची. 'नऊ वाजून दहा मिनिटांनी घरातून निघाले, नऊ चाळीसला बँकेत शिरले, सव्वाअकराला बाहेर आले' अशा नोंदी करायच्या. फोटो काढायचे. संध्याकाळी त्याचा अहवाल. कितीतरी दिवस असे जातात की माणूस घरून ऑफिसला आणि ऑफिसातून घरी, वाटेत भाजी घेतली, बस्स. पण त्या दिवसाचेही पैसे लागतातच.

आपल्याकडच्या गावांत तर हे आणखी अवघड. मुंबई-पुण्याच्या सोसायटीत एखादा अनोळखी माणूस तासभर उभा राहिला तरी कुणी विचारत नाही. आपल्या आळीत दहा मिनिटं उभा राहिला, तर समोरच्या काकू ओट्यावरून विचारणारच, "कुणाकडं आलात?" त्यामुळे इथं पाळतीपेक्षा बतावणी चालते. भाड्यानं खोली बघायला आलोय, कुरिअर आहे, स्थळाची माहिती काढतोय असं सांगून शेजारी, किराणा दुकानदार, कामवाल्या बाई यांच्याशी गप्पा मारायच्या आणि त्यातून हवं ते काढून घ्यायचं.

अशा कामात बायका सरस ठरतात, यात नवल नाही. बाईचा कुणाला चटकन संशय येत नाही, घरात प्रवेश मिळतो, मनातलं बोललं जातं. देशातल्या पहिल्या महिला गुप्तहेर म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं, त्या रजनी पंडित आपल्या महाराष्ट्रातल्याच. वडील पोलिसांच्या सीआयडीत, शिक्षण रुपारेल कॉलेजात मराठी साहित्याचं. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मुंबईत स्वतःची संस्था काढली. एका खुनाच्या प्रकरणात संशयित बाईच्या घरी त्या सहा महिने मोलकरीण म्हणून राहिल्या, हा त्यांचा किस्सा प्रसिद्ध आहे. पण मला त्यांचं अगदी सुरुवातीचं, नोकरी करत असतानाचं एक प्रकरण जास्त बोलकं वाटतं. ऑफिसातल्या एका बाईंच्या घरात चोरी झाली होती. संशय कुणावर? नव्यानं घरात आलेल्या सुनेवर! पंडितांनी माग काढला, तेव्हा चोर निघाला त्या बाईंचा स्वतःचाच मुलगा.

बघा, घरात काही हरवलं की बोट आधी कुणाकडं जातं! तेव्हा त्या सुनेचं नशीब, की शोध घेणारीनं खरंच शोध घेतला. गिऱ्हाइकाच्या मनात आधीच ठरलेलं उत्तर तिनं पुरावा म्हणून परत दिलं नाही. या धंद्यातला प्रामाणिकपणा असेल तर तो इथंच असतो. कारण इथं येणारं गिऱ्हाईक बहुतेकदा माहितीसाठी येतच नाही. संशय पक्का झालेला असतो, हवा असतो तो फक्त शिक्का. "काहीच सापडलं नाही" हे उत्तर ऐकून सुटकेचा नि:श्वास टाकायच्या ऐवजी "तुम्ही नीट बघितलंच नसेल, अजून आठ दिवस बघा" असं म्हणणारी माणसं असतात. त्या आठ दिवसांचं बिल लागत असताना, "पुरे आता" असं सांगायला मोठं मन लागतं.

आता गिऱ्हाइकांकडं वळू. पहिला मोठा वर्ग लग्नाआधीच्या चौकशीचा. ही चौकशी आपल्याला नवी नाही. पूर्वी मुलगी द्यायची म्हटलं की मामा त्या गावी एक चक्कर मारून यायचा, आत्याच्या नणंदेचं सासर तिथलं निघायचं, आणि मुलाच्या पगारापासून सासूच्या तोंडापर्यंत सगळं कळायचं. आता स्थळं वेबसाइटवरून येतात. मुलगा बंगळुरूला, नाहीतर थेट परदेशात. तिथं मामाची ओळख कुठली? मुलगा सांगतो ती नोकरी खरी आहे का, आधीचं लग्न लपवलंय का, दारूचं व्यसन आहे का, हे जाणून घेण्याचा मुलीच्या आई-वडिलांना पूर्ण हक्क आहे. परदेशी नवऱ्यांनी टाकलेल्या मुलींच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की राष्ट्रीय महिला आयोगाला त्यासाठी वेगळा कक्ष उघडावा लागला. चौकशी न करता मुलगी देण्यापेक्षा चौकशीचा खर्च केव्हाही परवडला.

पण ही चौकशी उलट्या बाजूनंही होते, आणि तिचे प्रश्न वेगळे असतात. मुलाबद्दल विचारतात ते पगार, व्यसन, कर्ज, आधीचं लग्न. मुलीबद्दल विचारतात ते कॉलेजात कुणाबरोबर फिरत होती, हॉस्टेलवर किती वाजता यायची, मित्र किती. मुलाची चौकशी होते त्याच्या व्यवहाराची, मुलीची होते ती चारित्र्याची. आणि कुणी विचारून गेलं एवढंच लहान गावात पुरतं. गुप्तहेरानं काहीही वाईट लिहिलं नाही, तरी "तिची चौकशी करायला माणूस आला होता म्हणे" हे वाक्य चार घरं फिरतं. अहवाल गिऱ्हाइकाच्या कपाटात राहतो, चर्चा मुलीच्या दारात.

दुसरा वर्ग लग्नानंतरचा, आणि निकालाचा खरा संबंध इथं येतो. व्यभिचार हा २०१८ पासून गुन्हा राहिलेला नाही, पण घटस्फोटाचं कारण आजही आहे. शिवाय बायको परपुरुषाबरोबर राहते असं सिद्ध झालं, तर फौजदारी कायद्याखाली तिची पोटगी जाऊ शकते. म्हणजे पोटगी टाळायची असेल, तर बायकोच्या मागं माणूस लावणं नवऱ्याला फायद्याचं वाटू शकतं. उलट, बाईला बहुतेकदा सिद्ध करायचं असतं ते नवऱ्याचं उत्पन्न. कोर्टात "मला धंद्यात खोट आहे" म्हणून हात वर करणाऱ्या नवऱ्याचं दुकान चालू आहे का, दुसऱ्याच्या नावावर गाळा घेतलाय का, हे तिला दाखवायचं असतं. दोघांनाही पुरावा हवा. पण गुप्तहेराचे पैसे कोण देऊ शकतं? जिच्या हातात घरखर्चाचेही मोजून पैसे येतात, ती रोजच्या हिशोबानं पाळतीचं बिल कुठून भरणार? कायदा दोघांना सारखा असला, तरी पाळत ठेवायची ऐपत सारखी नाही.

यात भर म्हणजे, या धंद्याला आपल्याकडं स्वतंत्र कायदाच नाही. दारावरच्या सुरक्षारक्षकांच्या एजन्सीला परवाना लागतो. तसा कायदा २००५ मध्ये झाला. गुप्तहेरांसाठी २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं. त्यात परवाना होता, देखरेख करणारं मंडळ होतं. ते वर्षानुवर्षं पडून राहिलं आणि शेवटी मागं घेण्यात आलं. त्यामुळे इतर कुठल्याही दुकानासारखी नोंदणी केली की गुप्तहेराची पाटी लावता येते. चांगलं काम करणारे आहेतच. पण त्यांच्या शेजारीच, चार दिवसांत मोबाइलवरून धंदा सुरू केलेलाही कुणी असू शकतो. तुमची सगळी गुपितं, फोटो, कागदपत्रं त्याच्या हाती जातात. काम संपल्यावर त्यांचं तो काय करतो, हे विचारायला परवाना देणारं कुणी वर नाही.

असा मोकळा कारभार कुठं जातो, ते २०१८ मध्ये ठाण्यात दिसलं. लोकांच्या मोबाइलचे कॉल डिटेल्स बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपावरून पोलिसांनी अनेक खासगी गुप्तहेरांना अटक केली. कुणी कुणाला, किती वाजता फोन केला याची ही यादी तपास यंत्रणेलाच, ठरावीक अधिकाऱ्याच्या पत्रावर मिळते. म्हणून जो गुप्तहेर सांगेल की "ताई, कॉल डिटेल्स काढून देतो, व्हॉट्सअॅप उघडून देतो", त्याच्या ऑफिसातून सरळ उठून या. दुसऱ्याच्या फोनमध्ये किंवा खात्यात परवानगीशिवाय शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल टेप पुरावा म्हणून घेता येईल का, एवढ्यापुरता आहे. हॅकिंगला त्यानं परवानगी दिलेली नाही. आणि तुमच्याच मागं कुणी सतत फिरत असेल, तर गप्प बसू नका. नको म्हटल्यावरही बाईचा पाठलाग करणं, तिच्या इंटरनेटवरच्या वावरावर नजर ठेवणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. "मला पैसे देऊन नेमलंय" म्हणून कुणी आपोआप सुटत नाही.

मग करायचं काय? पुष्कळशी माहिती गुप्तहेराशिवाय मिळते. मुलावर किंवा घरच्यांवर दावा चालू आहे का, हे ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर नाव घालून फुकट शोधता येतं. जमीन आहे म्हणतात, तर सातबारा ऑनलाइन बघता येतो. मुलगा डॉक्टर असेल तर मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत नाव हवंच. आणि पोटगीच्या दाव्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निर्णयानुसार, दोघांनाही आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं लागतं. तेव्हा पाळतीवर पैसे घालवण्याआधी वकिलाकडून या प्रतिज्ञापत्राचा आग्रह धरा. वकील परवडत नसेल, तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. बाईला तिथं मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

तरीही गुप्तहेर लागलाच, तर काम काय आणि किती दिवसांचं, पैसे किती, हे कागदावर लिहून घ्या. पावती घ्या. काम झाल्यावर फोटो आणि कागद परत मिळणार का, हे आधीच विचारा. आणि प्रश्न नेमका ठेवा. "तो माणूस कसा आहे" याचं उत्तर कुणीच आणू शकत नाही. "त्याचं आधी लग्न झालंय का" याचं आणू शकतो.

विधेयक मागं घेतलं गेलं, म्हणून प्रश्न मिटला नाही. लोकप्रतिनिधी मतं मागायला येतात, तेव्हा रस्ते-पाण्याबरोबर हेही विचारायला हवं, की आमच्या मुलींची माहिती गोळा करून विकणाऱ्यांना परवाना कधी लागणार? आणि एक प्रश्न आपण आपल्या घरातही विचारू या. मुलासाठी मुलगी बघताना आपण जी माहिती काढतो, तीच आपल्या मुलीबद्दल कुणी काढलेली आपल्याला चालेल का? चालणार असेल, तर ती चौकशी. नसेल, तर ती पाळत.