संशयाचा व्यापार

डॉ. रसेल ब्लेलॉक हे अमेरिकेतील निवृत्त मेंदू-शल्यविशारद. अजिनोमोटो आणि साखरेऐवजी वापरले जाणारे अस्पार्टेम ही द्रव्ये मेंदूच्या पेशींचा घात करतात, हे त्यांचे जुने प्रतिपादन. पुढे त्यांच्या आक्षेपांची कक्षा बालकांच्या लसीकरणापर्यंत आणि कोविडच्या काळातील सार्वजनिक उपाययोजनांपर्यंत विस्तारली.

या प्रतिपादनाला मुळीच आधार नव्हता असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९६९ साली डॉ. जॉन ओल्नी यांनी नवजात उंदरांना ग्लुटामेट टोचले, तेव्हा त्यांच्या मेंदूतील पेशी मेल्याचे आढळले. त्यानंतर अमेरिकी कारखानदारांनी बालकांच्या डबाबंद अन्नात ते द्रव्य घालणे थांबवले, हे योग्यच झाले. परंतु उंदराच्या पिल्लाला टोचलेली मोठी मात्रा आणि माणसाच्या जेवणातील चिमूट यांत महदंतर आहे. अन्नातील बहुतेक ग्लुटामेट आतड्याच्या पेशीच वापरून टाकतात. टोमॅटोत ते निसर्गतःच असते. शल्यविशारदाच्या हाताचे कौशल्य कितीही वंदनीय असले, तरी त्यामुळे मात्रेचा हा हिशेब बदलत नाही.

मग शहाणीसुरती माणसे अशा मतांकडे का वळतात? त्यांना मूर्ख ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्या देशात आरोग्य ही विकत घेण्याची वस्तू आहे. ऑक्सिकॉन्टिन या वेदनाशामकाच्या व्यसनजनकतेविषयी दिशाभूल केल्याचा गुन्हा पर्ड्यू उद्योगसमूहाने २००७ साली न्यायालयात कबूल केला; २०२० साली त्याला पुन्हा गुन्ह्यांची कबुली द्यावी लागली. अशा अनुभवातून आलेला अविश्वास रास्तच म्हटला पाहिजे.

दुर्दैव असे की, या रास्त अविश्वासाचेही भांडवल होते. ब्लेलॉक यांचे आरोग्यविषयक वार्तापत्र वर्गणी घेऊन विकले गेले, आणि पूरक आहाराच्या गोळ्यांची त्यांनी सातत्याने भलामण केली. १९९४ च्या अमेरिकी कायद्यानुसार अशा गोळ्यांचा गुण विक्रीपूर्वी सरकारपुढे सिद्ध करावा लागत नाही. म्हणजे एका दुकानातून फसलेला ग्राहक दुसऱ्या, अधिक मोकाट दुकानात जातो. अमेरिकी वैद्यकव्यवस्था सामूहिकतावादाच्या आहारी गेल्याची टीकाही ब्लेलॉक यांनी केली आहे. वस्तुतः लस हा सामूहिक संरक्षणाचाच प्रकार आहे. ते संरक्षण विरळ झाले की काय होते, हे २०२५ साली टेक्ससमधील गोवराच्या साथीने दाखवले. तेथे लस न घेतलेली शाळकरी वयाची दोन मुले दगावली. या वादात त्यांचे स्वतःचे मत कोणी विचारले होते?

संशयाला उत्तर उपहासाने देता येणार नाही. औषधचाचण्यांचे सर्व निष्कर्ष, प्रतिकूलसुद्धा, जाहीर व्हावेत. नफेखोरीसाठी सत्य दडपणाऱ्यांना तुरुंग दिसावा. आणि गरिबाच्या शंकेचे शांतपणे निरसन करणारा डॉक्टर त्याला विनामूल्य भेटावा. तो भेटत नाही, तोवर त्याची जागा गोळ्या विकणारेच घेणार.