आधी जैनथला या, मग सक्ती करा!

पैनगंगेकाठच्या काळ्या रानात मृगापासून राबून, बियाण्याला, खताला आणि फवारणीला उसनवारी करून, बोंडअळीच्या आणि अवकाळीच्या धास्तीने रात्री जागून ज्याने आपला कापूस वेचणीपर्यंत आणला, त्या तेलंगणातील जैनथच्या शेतकऱ्याला २०२५ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने (सीसीआय) बजावले की, लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव आहे खरा, परंतु तो हवा असेल तर आधी मोबाइलवर 'कपास किसान' हे ॲप घे, आधारने नोंदणी कर, ओटीपी भर, जमिनीचा तपशील जुळव, स्लॉट मिळव आणि मिळालेल्या दिवशीच गाडी घेऊन ये. हे ॲप सक्तीचे करण्यापूर्वी आदिलाबाद जिल्ह्यातल्या कोणत्या गावी, कोणत्या शेतकऱ्याच्या हाती ते देऊन पाहिले, त्याचे बोट कुठे अडले, त्याला काय उमगले नाही आणि त्यानंतर ॲपमध्ये काय बदलले, हे सरकारने जनतेपुढे ठेवावे. अशी चाचणी झाली असेल तर तिचा अहवाल दाखवा. झाली नसेल तर सक्ती करण्याचा तुम्हांला अधिकार नाही.

हा प्रश्न एका ॲपचा आणि एका हंगामाचा असता तर आम्ही इतका आवाज चढवला नसता. २०२० च्या ऑक्टोबरात तेलंगणा सरकारची जमीन-नोंदींची 'धरणी' प्रणाली आली. जमिनीचे सारे व्यवहार एका पडद्यावर आले, जुन्या दप्तरातला कसणाऱ्याचा रकाना गेला, आणि नोंद चुकलेल्या माणसाला दिवाणी न्यायालयाची वाट दाखवण्यात आली. बापजाद्यांची जमीन संगणकाला दिसत नाही म्हणून लोकांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. साडेचार वर्षांनी, १४ एप्रिल २०२५ रोजी, तिच्या जागी 'भूभारती' आली. सरकार बदलले, नाव बदलले, पडद्याचे रूप बदलले. वापरणाऱ्याला आधी विचारावे ही बुद्धी मात्र कोणत्याच सरकारला झाली नाही.

आणि जैनथचा वापरणारा कोण? १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, राजुरा आणि किनवट मुंबई राज्यात गेले आणि आदिलाबाद आंध्रात राहिले. सीमेची रेघ ओढणाऱ्यांनी नदी पाहिली. नदीच्या दोन्ही तीरांवर जी मराठी घरे होती ती रेघेमुळे नाहीशी होणार नव्हती. ज्या गावी परमार जगद्देवाच्या काळचा शिलालेख सापडला, त्या गावाच्या परिसरात आज घरात मराठी, बाजारात तेलुगू, शेजारी गोंडी आणि कचेरीत इंग्रजी अशी चार भाषांची कसरत माणसे रोज करतात. राज्याच्या राजभाषा तेलुगू आणि उर्दू. धरणीचा पडदा तेलुगू आणि इंग्रजी होता. ज्या बाईने आयुष्यभर मराठीत संसार केला, कापूस वेचला, हिशेब राखला, तिच्यापुढे चूक झाल्याची सूचना तिला वाचता न येणाऱ्या लिपीत येते, आणि मग मीसेवा या सरकारी सेवा केंद्रातला कोणी मुलगा तिचे आधार, तिचा ओटीपी आणि तिचा अंगठा ताब्यात घेऊन तिचे काम 'करून देतो'. जी सेवा स्वतःच्या हाताने वापरता येत नाही, ती सेवा नाही, ताबेदारी आहे.

वापरसुलभतेचे संशोधन हे काही अगम्य शास्त्र नव्हे, आणि त्याला कोट्यवधींचा निधीही लागत नाही. जेकब नील्सन या संशोधकाने पूर्वीच दाखवून दिले आहे की, एका प्रकारच्या पाच वापरकर्त्यांना समोर बसवले तर वापरातल्या अडचणींपैकी सुमारे ८५ टक्के अडचणी उघड्या पडतात. पाच माणसे! जैनथच्या कोणत्याही पारावर सकाळच्या चहाला याहून जास्त माणसे असतात. त्यांच्या हातात मोबाइल द्यायचा, 'येत्या मंगळवारचा स्लॉट घ्या' एवढेच सांगायचे आणि गप्प बसून पाहायचे. शिकवायचे नाही, सुचवायचे नाही, माणूस चुकला तर हसायचे नाही, कारण त्या क्षणी परीक्षा माणसाची नसते, ॲपची असते. मग दिसेल की भर उन्हात शेतात उभे राहिल्यावर राखाडी पट्टीवरची फिकट अक्षरे दिसतच नाहीत. ओटीपी येईपर्यंत वेळ संपतो आणि भरलेला सगळा अर्ज पुसला जातो. आधारला जोडलेला क्रमांक परगावी गेलेल्या मुलाचा असतो. मक्त्याने शेती करणाऱ्याच्या कापसाचा ओटीपी जमीनमालकाच्या मोबाइलवर जातो. आणि कोळपे धरून, नांगर धरून ज्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्या बोटांना यंत्र ओळखत नाही. हैदराबादच्या वातानुकूलित दालनात, नव्या मोबाइलवर, जलद इंटरनेटवर यातली एकही अडचण दिसणार नाही. मराठी बोलणारे पाच, गोंडी बोलणारे पाच, दृष्टिहीन पाच, साठी उलटलेले पाच: एवढ्यांना बसवायला एक आठवडा पुरतो. तो आठवडा सरकारला का सापडू नये?

दृष्टिहीनांची कथा तर याहून संतापजनक आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी एनव्हीडीएसारखी साधने फुकट मिळतात आणि मराठी उच्चारही करतात. परंतु बटणाला नावच दिलेले नसेल तर ते साधन नुसते 'बटण' म्हणून थांबते, कॅप्चा हे चित्र असेल तर ते मुके होते, आणि शासकीय आदेश कागदाचा फोटो काढून चढवलेला असेल तर त्याच्या लेखी तो आदेश अस्तित्वातच नसतो. कायद्याचा अभाव आहे म्हणाल तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्याचे ४२ वे कलम मुद्रित, श्राव्य आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला सर्व मजकूर सुगम्य रूपात असावा असे सांगते. 'सुगम्य भारत अभियान' ३ डिसेंबर २०१५ रोजी वाजतगाजत सुरू झाले. तरीही राजीव रतुरी यांच्या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला असे म्हणावे लागले की, सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशींसारखे लिहिणे हे मूळ कायद्याशीच विसंगत आहे; सक्तीची मानके तीन महिन्यांत ठरवा. त्या निकालाला आधार झालेला अहवाल कोणी केला? हैदराबादच्याच नालसार विधी विद्यापीठाच्या दिव्यांग-अभ्यास केंद्राने! म्हणजे संशोधक आहेत, ते राज्याच्या राजधानीतच आहेत, आणि त्यांचे काम देशाचे सर्वोच्च न्यायालय प्रमाण मानते. सचिवालयापासून त्या विद्यापीठापर्यंतचे अंतर सरकारला ओलांडता येत नाही, मग तीनशे किलोमीटरवरचे जैनथ त्याला कसे दिसावे?

३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवर तर न्यायालय आणखी पुढे गेले. आम्लहल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या स्त्रीला 'डोळे मिचकावून दाखवा' असे सांगणारी ई-केवायसी (ऑनलाइन ओळखपडताळणी) जगात असू शकते, हे त्या याचिकांतून देशाला कळले. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगून न्यायालयाने वीस निर्देश दिले, आणि त्यांत नियामकांच्या अखत्यारीतल्या संस्थांनी कोणतेही ॲप वा संकेतस्थळ घडवताना चाचणीच्या टप्प्यातच दृष्टिहीनांना सामील करून घ्यावे, असा स्पष्ट निर्देश आहे. तेव्हा लोकांना बसवून चाचणी घेणे ही आता सरकारच्या सौजन्याची बाब राहू नये. न्यायालयाने वाट दाखवली आहे.

माध्यमांनीही या पंक्तीतून अंग काढून घेऊ नये. लोकशाहीचा चौथा स्तंभ म्हणून मिरवायचे, वंचितांच्या नावाने मथळे सजवायचे आणि स्वतःच्या ई-आवृत्तीचे पान मात्र निव्वळ चित्र म्हणून चढवायचे, चित्रफितीखाली कर्णबधिरासाठी एक ओळ द्यायची नाही, जाहिरातीचा पडदा असा आडवा टाकायचा की थरथरत्या हाताच्या म्हाताऱ्याला तो बाजूलाच करता येऊ नये, हा ढोंगीपणा मराठी वृत्तव्यवसायाला शोभत नाही. ज्या वाचकाला बातमी वाचताच येत नाही, त्याच्या वतीने बोलण्याचा हक्क कोणत्या संपादकाला आहे?

'कपास किसान'च्या सक्तीचे परिणाम कागदावर राहत नाहीत. नोंदणीची मुदत वाढवावी लागली, यातच पहिल्या व्यवस्थेचा निकाल लागला होता. पण दिवाळीला घरात पैसा हवा असतो, सावकार दारात असतो, कापूस घरात ठेवला तर वजन घटते, आणि स्लॉट मिळत नाही. अशा वेळी शेतकरी खाजगी व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो आणि पडेल त्या भावाला कापूस देऊन येतो. दलाल हटवण्यासाठी ॲप आणले असे सांगणाऱ्यांनी दलालाच्या हातात नवे हत्यार दिले आहे. हमीभावातला आणि त्या भावातला फरक हा ॲप वापरता न येण्याचा दंड आहे, आणि तो ज्याची काहीच चूक नाही त्याच्याकडून वसूल होतो.

म्हणून आमची मागणी निःसंदिग्ध आहे. पुढच्या कापूस हंगामाची नोंदणी उघडण्यापूर्वी सीसीआयने आणि तेलंगणा सरकारने जैनथमध्ये गावकऱ्यांसमोर चाचणी घ्यावी. तिचा अहवाल तेलुगू, मराठी आणि गोंडीत गावात वाचून दाखवावा. नालसारच्या अभ्यासकांना आणि जिल्ह्यातल्या दिव्यांगांना त्या चाचणीत मानाने बसवावे. आणि ॲप मराठीत नीट वापरता येईपर्यंत, पडदावाचक साधनाने वाचता येईपर्यंत कागदी नोंदणीची खिडकी प्रत्येक खरेदी केंद्रावर उघडी ठेवावी. वाचकहो, संविधानाचे ३५० वे कलम तुम्हांला तुमच्या भाषेत तक्रार मांडण्याचा हक्क देते. येत्या सोमवारी आदिलाबादच्या 'प्रजावाणी' या तक्रार-सुनावणीत जा, जिथे तुमचे बोट अडले ती जागा मराठीत लिहून द्या, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय कलेक्टर कचेरीतून परतू नका.