विटांत साठवलेली ऊब

थोड्या लाकडांत घर रात्रभर उबदार ठेवायचे, तर आग मंद ठेवावी असे कोणालाही वाटेल. माझे मत नेमके उलट आहे. हवा कमी मिळाली की लाकूड अर्धवट जळते. न जळलेले वायू आणि काजळी धुराड्यातून निघून जातात. इंधन वाया जाते आणि हवाही बिघडते.

स्वीडनमध्ये लाकडाची टंचाई होती, तेव्हा १७६७ साली क्रूनस्टेट आणि व्रेडे यांनी लाद्यांची जुनी शेगडी सुधारली. विटांच्या आत त्यांनी धुराला वरखाली फिरवणारे लांब मार्ग ठेवले. तासभर मोठा जाळ करायचा. त्याची उष्णता विटा शोषून घेतात आणि पुढे कित्येक तास सावकाश परत देतात.

हिशेब करून पाहा. विटेची विशिष्ट उष्णता दर किलोग्रॅमला, दर अंशाला सुमारे ८४० ज्यूल धरा. १००० किलोग्रॅम विटा ५० अंशांनी तापल्या, तर ४ कोटी २० लाख ज्यूल साठतात. १२ तासांत ते बाहेर पडले, तर सरासरी सुमारे १ किलोवॅट!

म्हणून अशी शेगडी बांधून घेणाऱ्याने लाद्यांच्या नक्षीआधी विटांचे वजन आणि ते पेलणारा पाया पाहावा. अधूनमधून राहायच्या घरात ती बांधू नये; थंड विटा तापायलाच बराच वेळ जातो.

ऊर्जा कशी मिळवावी याची चर्चा आपण पुष्कळ करतो. ती कशी साठवावी, हेही तितक्याच आस्थेने शिकले पाहिजे.