फ्यूज वायर वाचवतो, बॅटरी नाही

विजेवर चालणाऱ्या स्कूटर आता शहरांतल्या सोसायट्यांपासून तालुक्याच्या गावापर्यंत सर्वत्र दिसतात. त्यांचे चार्जिंग मात्र जमेल तसे होते; कुठे जिन्याखाली, कुठे खिडकीतून सोडलेल्या एक्स्टेंशन बोर्डवर. सुरक्षेचे काय, असे विचारले की ‘एमसीबी बसवला आहे’ हे उत्तर तयार असते. एमसीबी हवाच, पण बॅटरी सुरक्षित ठेवणे हे त्याचे काम नाही.

भिंतीतली वायर तिच्या क्षमतेपेक्षा जास्त प्रवाहाने तापून पेटू नये, यासाठी एमसीबी असतो. 60 व्होल्टच्या स्कूटरचा 6 अँपिअरचा चार्जर घरच्या 230 व्होल्टच्या लाइनमधून जेमतेम दोन अँपिअर घेतो. 16 अँपिअरच्या एमसीबीला तो भार जाणवतही नाही. चार्जरच्या पलीकडे बॅटरी मर्यादेबाहेर भरली जात असली, तरी प्रवाह तेवढाच राहतो आणि एमसीबी पडत नाही.

लिथियम-आयन बॅटरीत अनेक सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रचलित प्रकारच्या सेलची कमाल मर्यादा 4.2 व्होल्ट असते. ती ओलांडली की आत धातुरूप लिथियमचा थर साचू लागतो, रसायने अस्थिर होतात आणि सेल तापतो. उष्णतेने रासायनिक क्रिया वाढते, क्रियेने आणखी उष्णता, असे चक्र सुरू झाले की ते बाहेरून थांबवणे जवळपास अशक्य असते. आतला द्रव ज्वलनशील असतो आणि धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. म्हणूनच जिन्यात लावलेली स्कूटर पेटली, तर वरच्या मजल्यांवरच्या माणसांची बाहेर पडायची वाटच धुराने बंद होते.

हे टाळण्याचे काम बॅटरीतल्या नियंत्रक सर्किटचे, म्हणजे बीएमएसचे. चार्जरला फक्त एकूण व्होल्टेज दिसते. एखादा कमकुवत सेल इतरांच्या आधी भरला, तर ते प्रत्येक सेल वेगळा मोजणाऱ्या बीएमएसलाच समजते आणि तोच चार्जिंग तोडतो.

आपल्याकडची एक सर्रास तडजोड इथे घातक ठरते. जुन्या स्कूटरमधली लेड-अॅसिड बॅटरी काढून लिथियम बसवतात आणि चार्जर जुनाच ठेवतात. 12 व्होल्टच्या चार लेड-अॅसिड बॅटऱ्यांचा चार्जर 57.6 व्होल्ट किंवा त्याहून थोडा जास्त दाब देतो. 13 सेलच्या लिथियम बॅटरीची मर्यादा आहे 54.6 व्होल्ट. म्हणजे प्रत्येक सेलवर सुमारे 4.4 व्होल्ट. इथे ना फ्यूज उडतो, ना एमसीबी पडतो. उरतो तो बीएमएस. आणि ‘गाडी मध्येच बंद पडते’ म्हणून काही दुरुस्तीवाले तोच वगळून टाकतात.

मग फ्यूज कशासाठी? शॉर्टसर्किटसाठी. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात शेकडो अँपिअर सोडू शकते. त्यामुळे फ्यूज बॅटरीच्या टोकाला अगदी लागून हवा. चार्जरच्या टोकाला बसवला, तर मधली सगळी वायर उघडी राहते. चार्जिंग 10 अँपिअरने होत असेल, तर सुमारे सव्वापट धरून 15 अँपिअरचा फ्यूज आणि त्याहून जास्त प्रवाह सोसणारी वायर, असे साधे गणित आहे. फ्यूज डीसीसाठीचाच हवा. घरातला एसी प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसी तसा शून्यावर येत नाही. मोटारीतले पातीचे फ्यूज साधारणपणे 32 व्होल्टपुरते असतात. स्वस्त मिळतात म्हणून ते 48 व्होल्टच्या बॅटरीला लावणे धोक्याचे आहे. आणि फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तार गुंडाळणे म्हणजे आगीला वाट मोकळी करून देणे.

2022 मधल्या स्कूटर-आगींनंतर केंद्राने ‘एआयएस-156’ हे बॅटरी सुरक्षेचे मानक कडक केले. ते 1 डिसेंबर 2022 आणि 31 मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. पण कारखान्यातून निघालेल्या गाडीची बॅटरी गल्लीतल्या दुकानात बदलली गेली, की त्या चाचण्यांना अर्थ उरत नाही. ताशी 25 किलोमीटरच्या आतल्या, 250 वॅटपर्यंतच्या गाड्यांना तर नोंदणीही लागत नाही. नियमांची ही फट बुजवली पाहिजे. सुटी विकली जाणारी बॅटरी आणि चार्जर यांची जोडी तपासलेली असणे बंधनकारक हवे आणि बीएमएस वगळणे हा दंडनीय गुन्हा ठरला पाहिजे.

सोसायट्यांनीही चार्जिंगला नुसती बंदी घालून हात झटकू नयेत. बंदी आली की बॅटऱ्या घराच्या आत जातात. जिन्यापासून दूर जागा, स्वतंत्र वायरिंग, एमसीबी, माणसाला शॉक लागू नये म्हणून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि खात्रीची अर्थिंग, एवढी सोय सभेत एका ठरावाने होऊ शकते. स्कूटरमालकांनी मूळ चार्जरच वापरावा, गाडी चालवून आल्यावर बॅटरी थोडी निवू द्यावी आणि फुगलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी चार्जिंगला लावूच नये. काही हजार रुपये वाचवण्यासाठी यातला एकही थर काढला, तर त्याची किंमत शेजाऱ्यांनाही मोजावी लागते.